कारंज्यावरची पाहुणी

नव्वदच्या दशकात आम्ही नागोयाला राहायला गेलो, तेव्हा नवऱ्याला मोटारीच्या कारखान्यात काम होतं आणि मला काहीच नव्हतं. पुण्यात मी कॉलेजच्या मुलांना फ्रेंच शिकवत असे. निघताना माझ्या मैत्रिणींनी खूप चेष्टा केली, की फ्रेंच शिकलीस आणि चाललीस जपानला. तिथे पोचल्यावर ती चेष्टा खरी ठरली. आमची चार वर्षांची मुलगी होइकुएनमध्ये, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, बघता बघता जपानी बोलायला लागली. मी मात्र भाजीच्या दुकानात अजून बोटानं दाखवून मुळा मागत होते. सकाळी ती दोघं गेली की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. कधी कधी भांडी घासताना मी जुने फ्रेंच धडे मोठ्यानं म्हणायची, नुसता आवाज ऐकायला.

आम्हा परदेशी बायकांना जपानी शिकवायला एक बाई येत. एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यात फ्रेंच कोणाला येतं का? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण काम खरंच होतं. नागोयापासून तासाभरावर एक लहान गाव होतं. त्या गावानं फ्रान्समधल्या एका गावाशी मैत्रीचा करार केला होता. त्या फ्रेंच गावच्या चौकात एक जुनं, नक्षीदार, ओतीव लोखंडाचं कारंजं होतं. त्याची हुबेहूब प्रतिकृती इथल्या नव्या वाचनालयासमोर उभी राहणार होती. त्यासोबत कारंज्याच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तकही काढायचं होतं. तो इतिहास फ्रेंचमध्ये लिहून आलेला होता. त्याचा जपानी अनुवाद एक निवृत्त प्राध्यापक करणार होते, पण त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांना कोणीतरी शेजारी बसून तो मोठ्यानं वाचून दाखवायला हवा होता.

मी त्यांना सेन्सेई म्हणायची, तिथे सगळेच गुरुजनांना म्हणतात तसं. त्यांचं घर स्टेशनच्या मागे होतं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला सायकलींचा तळ. दारात पर्सिमनचं, टोमॅटोसारख्या केशरी फळांचं झाड होतं. फळं पिकून गळत होती आणि कोणी उचलत नव्हतं. सेन्सेई उंच, किडकिडीत, घरातसुद्धा मफलर गुंडाळलेले. त्यांनी दार उघडलं आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाले, की या मादाम, थंडी आत येऊ देऊ नका. त्यांचं फ्रेंच माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, थोडं जुन्या वळणाचं. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलत होतं. मला तिथेच रडू येईल असं वाटलं.

आठवड्यातून दोनदा मी जायला लागले. मी एक परिच्छेद वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग टेप रेकॉर्डरचं बटण दाबून तोच मजकूर जपानीत सांगायचे. समोर भिंतीतल्या कपाटात त्यांचं देवघर होतं, पूर्वजांचं. तिथे धूप, थोडा भात आणि त्यांच्या पत्नीचा फोटो. पत्नीला जाऊन काही वर्षं झाली होती. फोटोशेजारी पाण्यानं भरलेला, कान असलेला एक लहान मग असायचा, इनॅमलचा, त्यावर बदक रंगवलेलं. मला वाटलं, एखाद्या नातवाचा असेल.

कारंज्याची हकिगत मला आवडायला लागली. त्या गावात पूर्वी उथळ विहिरी होत्या आणि पाण्याला कातडी कमावणाऱ्यांच्या कुंडांचा वास यायचा. एका उन्हाळ्यात आग लागून अर्धी आळी जळाली, कारण विझवायला पाणीच नव्हतं. मग गावातल्या एका विधवेनं आपलं सगळं गावाला दिलं आणि टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी नळानं खाली आणवलं. पाणी आलं, तर त्याला शोभेसं काही हवं, म्हणून ओतशाळेकडे कारंजं मागवलं. मधे खांब, भोवती हौद आणि हौदाच्या काठावर चार ऋतूंच्या चार बायका, प्रत्येकीच्या हातात घडा. पण पेट्या उघडल्या तेव्हा घोटाळा लक्षात आला. वसंत होती, ग्रीष्म होती आणि शरद दोन होत्या. हिवाळा आलाच नव्हता. परत पाठवायचं तर बैलगाड्यांचा खर्च कोण करणार? गावकरी म्हणाले, हिवाळा आपल्याकडे तसाही भरपूर आहे. दुसऱ्या शरदला त्यांनी हिवाळ्याच्या जागी उभं केलं आणि तिचं नाव ठेवलं पाहुणी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं गावोगावचे पुतळे वितळवायला नेले. या चौघींनाही खाली उतरवलं होतं. गाडीत भरायच्या आधी काही लोकांनी पाहुणीला ओढत नेऊन कातड्यांच्या कुंडात बुडवलं. बाकी तिघी गेल्या. लढाई संपल्यावर पाहुणीला बाहेर काढलं, तेव्हा कुंडातल्या रसायनांनी तिचा चेहरा खाल्लेला होता. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता खडबडीत गोळा. तिघींच्या जागी ओतशाळेनं जुन्या साच्यांतून नव्या ओतून दिल्या. पाहुणीलाही नवीन करून देतो म्हणाले, पण गावानं नको म्हटलं. ती तशीच, चेहरा नसलेली, जागेवर गेली.

हे पान सेन्सेईंनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. पुढच्या वेळी आम्ही पुढचं सुरू करायचो आणि मधेच ते म्हणायचे, मादाम, कुंडातून बाहेर काढलं ते एकदा वाचाल का? वाचताना माझं लक्ष त्यांच्याकडे जायचं. ते ऐकता ऐकता मान वळवून घराच्या कडेनं जाणाऱ्या, ओसरीसारख्या लांब लाकडी बोळाकडे बघायचे, कोणीतरी आलं असावं तसे. बोळात कोणी नसायचं. एकदा माझ्याकडून एक ओळ सुटली. मी पुढे वाचत राहिले, तर त्यांनी हळूच ती सुटलेली ओळ म्हणून दाखवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे सगळं त्यांना पाठ आहे. मी विचारलं, मग मला कशाला बोलावता? ते एवढंच म्हणाले, की बाईच्या आवाजात फ्रेंच ऐकून मला फार वर्षं झाली.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, एकटा माणूस आहे, सोबत हवी असेल. मलाही ते पटलं. मला तरी दुसरं काय हवं होतं?

थंडीत कांजिण्यांची साथ येऊन पाळणाघर काही दिवस बंद झालं आणि मला मुलीला बरोबर न्यावं लागलं. मी घाबरतच विचारलं होतं, पण सेन्सेई खूष झाले. त्यांनी तिच्यासाठी तांदळाची बिस्किटं आणून ठेवली होती. आमचं वाचन चालू असताना ती बोळात धावायची, दमली की माझ्या मांडीला टेकून ऐकत बसायची. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले की दोघांच्या जपानीतल्या गप्पा ऐकू यायच्या. ती त्यांना ओजीइचान म्हणायची, आजोबा. आजी-आजोबा पुण्यात राहिलेल्या माझ्या मुलीला इथे आजोबा मिळाले, म्हणून मला बरंच वाटलं. साथ संपली तरी तिनं हट्ट केला की मी तिला नेत राहिले.

एका संध्याकाळी मी तिला आंघोळ घालत होते. तिनं बाहुली पाण्यात बुडवली, ओल्या हातानं तिचा चेहरा पुसायला लागली आणि पुसता पुसता फ्रेंचमध्ये म्हणाली, हिला चेहरा नाही.

मी तिला फ्रेंचचा एक शब्दही शिकवला नव्हता. तिनं माझं वाचन ऐकलं असणार, हे मला कळत होतं. पण मी इतकी वर्षं उच्चार शिकवले आहेत, माझा कान फसत नाही. तो उच्चार माझा नव्हता आणि सेन्सेईंचाही नव्हता. तिकडची लहान मुलं शब्द अर्धे गिळून बोलतात, तसा तो होता. मी नळ बंद केला. नवरा बाहेरून म्हणाला, मुलं पोपटासारखी असतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी होय म्हटलं, पण तिला टॉवेलमध्ये गुंडाळून बराच वेळ तशीच धरून बसले.

चेरीचा बहर ओसरला आणि कारंज्याच्या उद्घाटनाचा दिवस आला. वाचनालयासमोर पांढरा तंबू, घडीच्या खुर्च्या, पाहुण्यांच्या छातीवर कागदी फुलं. फ्रेंच गावची मंडळी तिथल्या झऱ्याचं पाणी बाटलीतून घेऊन आली होती. मी सेन्सेईंच्या शेजारी उभी होते. नवरा मुलीला घेऊन मागे, इतर मुलांच्या घोळक्यापाशी होता. कापड ओढलं, टाळ्या झाल्या. सेन्सेईंनी माझ्याकडे वळून विचारलं, कशी दिसते सांगा.

मी चौघींचं वर्णन करायला लागले. वसंत, ग्रीष्म, शरद. मग चौथीकडे बघितलं आणि जरा थांबले. इथल्या ओतशाळेला फोटोंवरून काम करायचं होतं. तो खाल्लेला चेहरा तसाच ओतला तर लोकांना काम बिघडल्यासारखं वाटेल, म्हणून त्यांनी आपल्या मनानं तिला चेहरा दिला होता. नितळ गाल, लहान नाक, थोडे मिटल्यासारखे डोळे. बाकीच्या तिघींपेक्षा ती वयानं खूपच लहान वाटत होती.

"पाहुणीला चेहरा आहे, सेन्सेई," मी म्हटलं. "यांनी नवीन केला आहे. लहान मुलीसारखा."

तेवढ्यात पंप सुरू झाला, घड्यांतून पाणी पडायला लागलं. बाटलीतलं पाणी हौदात ओतलं आणि मुलं धावत काठाशी आली. सेन्सेई माझा हात सोडून पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले. काठाला हात लागल्यावर थांबले, मुलांच्या गलक्याकडे वळले आणि त्यांनी एक हाक मारली. एक फ्रेंच नाव, लहान मुलीचं, घरोघर असतं तसलं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता. जेवायची वेळ झाली म्हणून तरणा बाप खिडकीतून मुलीला बोलावतो, तसा होता.

माझ्या मुलीनं वर बघितलं. वडिलांचा हात सोडला, धावत गेली आणि सेन्सेईंच्या हातात हात देऊन उभी राहिली.

आजूबाजूला कोणाच्या काही लक्षात आलं नाही. एका आजोबांनी नातीला हाक मारली आणि ती आली, एवढंच लोकांनी पाहिलं असेल. मी पुढे झाले आणि तिला उचलून घेतलं. सेन्सेईंचा हात तसाच रिकामा, पुढे राहिला होता.

परतीच्या गाडीत मी तिला मराठीत विचारलं, तू का गेलीस त्यांच्याकडे? ती नेहमीप्रमाणे जपानीत म्हणाली, की ओजीइचान मला बोलावत होते. मी म्हटलं, पण ते तुझं नाव नाही.

"त्यांच्या घरी तेच आहे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

नवऱ्याचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यानंही ते ऐकलं. या वेळी तो पोपटाबद्दल काही बोलला नाही. स्टेशन आलं तेव्हा तिला कडेवर घेऊनच उतरला, एरवी तिला चालायला लावायचा.

नंतर बरेच दिवस मी गेले नाही. मला राग आला होता आणि त्या रागाच्या खाली भीती होती. पण इतिहासाचं शेवटचं पान राहिलं होतं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी दोनदा आठवण केली. मग एका सकाळी, मुलगी पाळणाघरात असताना, मी एकटी गेले. सेन्सेईंनी दारात कान दिला. माझ्याबरोबर दुसरी पावलं नाहीत हे त्यांना कळलं. बसल्यावर त्यांनी टेप रेकॉर्डरला हात लावला नाही. चहा ओतला, त्यातला थोडा सांडला आणि ते आपणहून बोलायला लागले.

लग्न झाल्यावर लवकरच त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. नवराबायको त्या फ्रेंच गावात राहिली, त्याच चौकात, कारंज्यासमोरच्या घरात. मुलगी तिथेच झाली. तिचं जपानी नाव घरमालकिणीच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं एक फ्रेंच नाव ठेवलं. घरात एक नाव, चौकात दुसरं. मुलगी फ्रेंचच बोलायची. रोज सेन्सेई तिला उचलून धरत आणि ती हौदातलं पाणी हातात घेऊन पाहुणीचं तोंड धुवायची. म्हणायची, हिचा चेहरा अजून यायचाय. मग एका हिवाळ्यात तिला ताप आला. गाव बर्फात होतं. कारंजं वरपासून खालपर्यंत गोठलेलं होतं. तापात ती सारखी म्हणत होती, पाणी वाजतंय. त्यातच ती गेली. त्या वेळी तिथे दहनाची सोय नव्हती. तिला पुरलं.

लहान मुलांना आपल्याकडेही पुरतात. मला ते आठवलं आणि नकोसं झालं. मी देवघरातल्या त्या बदकाच्या मगाकडे बघत बसले. पाणी ताजं होतं.

परत आल्यावर त्यांच्या पत्नीनं घरात फ्रेंचचा शब्द उच्चारू दिला नाही. ते कॉलेजात शिकवून यायचे आणि उंबरठ्यावर ती भाषा उतरवून ठेवायचे. पत्नी गेली, त्यानंतर मैत्रीच्या कराराचं निमित्त निघालं आणि ते गावच्या मंडळींबरोबर तिकडे गेले. आधी दफनभूमीत गेले. त्यांच्या मुलीच्या जागी दुसऱ्याच कुटुंबाचा दगड होता. तिकडे जागा ठरावीक मुदतीची असते आणि ती केव्हाच संपली होती. जपानमधल्या कोणाला कळवायचं, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. हाडं इतर हाडांबरोबर कुठेतरी ठेवली होती.

"मला तिला आणता आलं नाही," सेन्सेई म्हणाले. "म्हणून म्हटलं, निदान कारंजं आणावं."

मी विचारलं, माझ्या मुलीला त्या नावानं कधीपासून हाक मारत होतात? ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून नाही. एकदा बोळात धावण्याचा आवाज आला आणि नाव तोंडातून निघून गेलं. वाटलं, मूल हसेल. ते ओ म्हणून आलं. नंतर मला थांबता आलं नाही.

"आणि त्या दिवशी, सगळ्यांसमोर?"

"तुम्ही म्हणालात, चेहरा आहे," ते म्हणाले. "म्हणून हाक मारली."

माझा राग कुठे गेला कळलं नाही, पण भीती गेली नाही. समोर बसलेल्या माणसाची मला कीव येत होती आणि माझ्या मुलीला मी पुन्हा या घरात आणणार नाही, हेही त्याच क्षणी पक्कं होतं. मी म्हटलं, "सेन्सेई, माझ्या मुलीला एकच नाव आहे. ती तेच घेऊन मोठी होऊ दे."

ते खुर्चीवरून उतरले, तातामीवर, जमिनीवरच्या गवती चटईवर, गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावून त्यांनी माझी माफी मागितली. त्या घरात ते पहिल्यांदाच माझ्याशी जपानीत बोलले. मला उठून त्यांना धरावंसं वाटलं, पण तिथल्या रीतीत काय करतात ते मला माहीत नव्हतं. मी नुसती हात जोडून बसले. मग ते पुन्हा खुर्चीवर बसले, मफलर नीट केला, टेप रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि मी शेवटचं पान वाचलं. त्यात कारंज्याच्या डागडुजीची माहिती होती, गळणाऱ्या नळाची आणि नव्या रंगाची. त्यांनी ती एकही शब्द न चुकवता जपानीत सांगितली.

पुस्तक छापून आलं. त्यात विधवा होती, आग होती, चुकून आलेली दुसरी शरद होती. त्या घराबद्दल आणि त्या मुलीबद्दल काही नव्हतं. मी सेन्सेईंना फोनवर विचारलं होतं, की एखादी ओळ घालायची का. त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, गावच्या कारंज्याचा इतिहास आहे, गावाचाच राहू दे.

पुढच्या वर्षी नवऱ्याचं काम संपलं आणि आम्ही परत निघालो. निघायच्या दिवशी नागोया स्टेशनवर, विमानतळाच्या बसपाशी, सेन्सेई आले. त्यांची भाची त्यांना कोपराला धरून घेऊन आली होती. मी त्यांना बोलावलं नव्हतं. फक्त निघण्याचा दिवस कळवला होता. त्यांनी माझ्या हातात बिस्किटांचा डबा दिला, नवऱ्याला वाकून नमस्कार केला. मग मुलगी कुठे उभी आहे ते भाचीला विचारून तिच्या समोर खाली बसले आणि त्यांनी तिला हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं, पुढे तिथे लहान मुलांना लाडानं लावतात तो चान लावून. तिच्या नावात एक ळ आहे. तो जपानी माणसाला जमत नाही. त्यांनी तो बरोबर उच्चारला. किती वेळा म्हणून पाहिला असेल कोण जाणे.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. हलली नाही, ओ दिली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, अगं, तुला बोलावतायत. तरी ती तशीच उभी होती, मान किंचित कलती करून, अजून काहीतरी ऐकू यायचं आहे अशी. बसच्या चालकानं आमच्या बॅगा आत ढकलल्या. सेन्सेईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि भाचीचं कोपर शोधलं.